चंचल मूल आणि त्याची शाळा

एका जागी ज्याचे बूड ठरत नाही अशा मुलाच्या पायाला भिंगरी आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हे शब्द आम्ही असंख्य वेळा ऐकले. परंतु त्यांतील एक वेळ आम्हांस विसरता येत नाही. १९७८ सालची ही गोष्ट. आम्ही त्या वेळी अकोला जिल्ह्यातील एका गावी सहावीच्या वर्गाला गणित शिकवीत होतो. त्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी हिशेबाचे उत्तर तो सर्वांच्या आधी देई. पण वहीतले गणित अर्ध्यावर टाकून खिडकीशी जाई, शेजाऱ्याची टोपी उडवी, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच ओरडून उत्तर सांगे. आम्ही त्याला बाकावर उभे केले, वर्गाबाहेर काढले, छडीही दिली. एके दिवशी त्याचा बाप शेतातून तसाच शाळेत आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पोट्टं वाईट नाही जी. त्याच्या पायाले भिंगरी हाये.” आम्ही त्या गृहस्थाला शिस्तीवर चार शब्द ऐकवून परत पाठविले. पुढल्या जूनमध्ये त्या मुलाचे नाव आमच्या पटावर नव्हते.

आज आमच्या मुलीचा मुलगा अमरावतीस शिकत आहे. तो तिसरीत असताना डॉक्टरांनी त्याच्या स्वभावाला एक वैद्यकीय नाव दिले : अवधान-न्यूनता व अतिचंचलता. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एडीएचडी असे म्हणतात. ते नाव ऐकले तेव्हा आम्हांस दाराशी उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याची आठवण झाली आणि आम्ही या विषयाचा इतिहास वाचावयास घेतला. हा इतिहास जितका वैद्यकाचा आहे तितकाच शाळेचाही आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या अमरावतीतून जातो, असे आम्हांस आढळले. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

नावे बदलत गेली

चंचल मुले आजची नाहीत. बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाच्या विकारांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. हा दोष काहींना जन्मतःच असतो, वयाबरोबर तो बहुधा उणावतो, आणि अशा मुलांपुढे गोड शब्दांचा वा छडीच्या धाकाचा उपयोग होत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्या वर्षी पुण्यास पेशवाई होती. म्हणजे छडीचा निरुपयोग एका वैद्याने लिहून ठेवल्यानंतरही पावणेदोनशे वर्षे आमच्यासारखे शिक्षक ती हाती धरून उभे होते.

पुढचा मोठा टप्पा १९०२ सालचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्याने दिली. त्याने ४३ मुलांची हकीगत सांगितली. यांतील काही मुले बुद्धीने चांगली, घरही चांगले, आणि तरीही त्यांस स्वतःला आवरता येत नव्हते. स्टिलने यास नैतिक संयमाचा दोष म्हटले. हे शब्द आज कानांस कठोर लागतात. तथापि त्यामागचा विचार दयेचा होता : हा दोष वाईट संगोपनाचा नसून शरीराचा असू शकतो, तेव्हा शिक्षेआधी वैद्याकडे जावे, असा त्याचा रोख होता. दुर्दैवाने लोकांनी शब्द उचलला आणि विचार सोडला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेंदूच्या दाहाची एक साथ जगभर पसरली. तीतून वाचलेली अनेक मुले पूर्वीपेक्षा अस्वस्थ व अनावर झाली. त्यावरून डॉक्टरांनी असा तर्क बांधला की प्रत्येक अनावर मुलाच्या मेंदूस कोठे तरी इजा झालेली असावी. ती इजा तपासणीत सापडेना, तेव्हा तिला ‘अत्यल्प’ हे विशेषण जोडण्यात आले. एखादी वस्तू सापडत नाही म्हणून ती अत्यल्प आहे असे म्हणणे, हा तर्कशास्त्राचा मोठा नमुना नव्हे. पण त्या नावाखाली कित्येक मुलांची दोन पिढ्या गणना झाली.

१९६८ साली अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघाने आपल्या वर्गीकरणात बालपणातील अतिचलन असा शब्द घातला. १९८० साली त्यांनी भर उलटा केला व अवधान-न्यूनता हे नाव पुढे आणले. १९८७ साली दोन्ही एकत्र करून आजचे नाव सिद्ध झाले. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. अतिचलन हेच लक्षण मानले जाई तोवर उड्या मारणाराच दिसे. अवधानाला महत्त्व आल्यावर मागच्या बाकावर शांत बसून खिडकीबाहेर हरवलेली मुलगीही दिसू लागली. ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रगतिपुस्तकावर ‘हुशार पण आळशी’ असा शेरा घेऊन ती वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. आमच्या स्वतःच्या शेऱ्यांत असे किती असतील, याचा हिशेब आज लागणे नाही.

गोळी कशी आली

औषधाची कथा एका बापाच्या दुःखापासून सुरू होते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड संस्थानात ब्रॅडली नावाचे एक श्रीमंत कुटुंब होते. त्यांची एकुलती एक कन्या एमा बालपणी मेंदूच्या दाहाने आजारी पडली व जन्माची अपंग झाली. आईबापांनी आपली संपत्ती अशा मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली, आणि ते १९३१ साली तिच्याच नावाने उघडले. तेथे त्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत असत. काही मुलांना पाठीच्या कण्यातील द्रव काढून करावयाच्या तपासणीनंतर डोकेदुखी होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण शिक्षक येऊन सांगू लागले की काही मुले वर्गात बसू लागली आहेत व अभ्यास पुरा करीत आहेत. १९३७ साली ब्रॅडलींनी ३० मुलांवरील निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील १४ मुलांची शाळेतील प्रगती विलक्षण होती. मुले स्वतः त्या गोळीला गणिताची गोळी म्हणत.

उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर कसे होते, हा प्रश्न आमच्याप्रमाणे आपणांसही पडला असेल. आजचे उत्तर थोडक्यात असे : मेंदूच्या ज्या भागाकडे थांबणे, निवडणे व धरून ठेवणे ही कामे आहेत, त्याचा कारभार डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांवर चालतो. औषध ही द्रव्ये पेशींच्या संधीत अधिक काळ राहू देते. म्हणजे घोडा थकत नाही. लगाम हाती येतो. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले व पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याचे रिटालिन असे नाव पडले. ते १९५४ साली बाजारात आले, आणि आजही याच द्रव्याच्या गोळ्या या मुलांना सर्वत्र दिल्या जातात. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. भूक मंदावते, झोप लांबते. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवावे लागते. ज्यांना हे औषध मानवत नाही त्यांच्यासाठी उत्तेजक नसलेली अॅटोमोक्सेटिनसारखी औषधेही आहेत. त्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात.

गोळी मुलास बसवते, शिकवीत नाही. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ महिन्यांच्या अखेरीस काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मूळ लक्षणे इतर उपायांपेक्षा अधिक कमी झाली. पण अभ्यास, घरातील संबंध व वागणूक यांचा एकत्र विचार करता औषधाला शिकवणुकीची व पालकांच्या प्रशिक्षणाची जोड मिळाली तेथे मुलांना अधिक लाभ झाला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा चारही गटांतील फरक पुसट झाले होते. यातून औषध निरुपयोगी ठरत नाही. एक वर्ष नीट काळजी घेऊन नंतर मुलाला वाऱ्यावर सोडले तर कोणताही उपाय टिकत नाही, हा बोध आम्ही त्यातून घेतो.

अमरावतीचा धागा

ज्या १९३७ साली ब्रॅडलींचा लेख आला त्याच साली मुंबईस टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. मुलाच्या वर्तनाचा विचार डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व समाजसेवक यांनी एकत्र बसून करावा, ही कल्पना त्यामुळे आपल्या प्रांती आली. परंतु त्याच्याही आधी मराठी शिक्षणात एक बाई या मुलांकडे निराळ्या नजरेने पाहू लागल्या होत्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाई जन्माने मुंबईच्या, केळकरांच्या घरातल्या. १९१५ साली अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या वऱ्हाडात आल्या. संसार टिकला नाही. पुढे १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि मारिया माँटेसरींच्या पद्धतीला त्यांनी आपल्या मातीचे रूप दिले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की माँटेसरींचे काम सुदृढ मुलांपासून सुरू झालेच नव्हते. त्या वैद्य होत्या; शाळांनी टाकलेल्या मंदबुद्धी म्हणविणाऱ्या मुलांना शिकविताना त्यांना जे उमगले, तेच त्यांनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीतल्या बालगृहात सर्व मुलांसाठी वापरले. मुलाने चालावे, वस्तू उचलावी, ओतावे, पुसावे. हालचाल ही अभ्यासातील अडथळा नसून अभ्यासाचीच वाट आहे, असे हे शिक्षण मानते.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. कुरणशाळा अतिचंचल मुलांसाठी नव्हती, हे आम्ही जाणतो. तथापि मूल शाळेला जुळत नसेल तर प्रथम शाळेने दोन पावले टाकावीत, हा जो विचार तिच्या मुळाशी आहे, त्यालाच आज समावेशित शिक्षण म्हणतात.

आणि हालचालीचेच म्हणावयाचे तर अमरावतीस दुसरे उदाहरण दूर नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथलेच. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ करून दाखविले. व्यायामाने चंचलता जात नाही. पण अवधानाला त्याने काही साहाय्य होते, असे अलीकडील अभ्यास सुचवितात. मग वर्गात गडबड केली म्हणून मुलाचा खेळाचा तास कापणे ही शिक्षा किती उफराटी आहे, याचा विचार आपण करावा. ती शिक्षाही आम्ही दिलेली आहे.

कायदा काय देतो

आपल्या राज्याने १९९६ साली अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या : अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेऐवजी वा बीजगणित-भूमितीऐवजी पर्यायी विषय. आरंभी त्यासाठीची तपासणी मुंबईतील मोठ्या म्युनिसिपल रुग्णालयांवरच अवलंबून होती. अकोल्याच्या पालकाने मुलाला घेऊन मुंबई गाठावी, ही अपेक्षा कागदावर सोपी दिसते. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षणहक्काचा कायदा अंमलात आला व शाळेत मुलास मारणे वा मानसिक छळ करणे यांस बंदी झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि शाळेने वाजवी सोयी केल्या पाहिजेत असे बंधन घातले.

या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. अतिचंचलतेची स्वतंत्र नोंद नाही. उलट २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शालेय मुलांच्या तपासणीच्या ३० बाबींत ती नावानिशी आहे. म्हणजे सरकारचे आरोग्य खाते या मुलास ओळखते, आणि अपंगत्वाचा कायदा ओळखत नाही. ज्या मुलास चंचलतेबरोबर वाचन-लेखनाचीही अडचण असते त्याला त्या दुसऱ्या दाराने सवलत मिळते. केवळ अवधान उणे असलेल्याचे बरेच काही मुख्याध्यापकांच्या समजूतदारपणावर राहते. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे पाचही जिल्हे अमरावतीच्या विभागीय मंडळाखाली येतात, आणि दहावीच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फतच तेथे जातो. तेव्हा शाळेला ही गोष्ट नववीत नव्हे, पुष्कळ आधी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

घर, शाळा आणि गोळी

आता आमच्या घरची हकीगत थोडक्यात सांगतो. निदान एका भेटीत झाले नाही, आणि होऊही नये. डॉक्टरांनी घरची माहिती घेतली, शाळेकडून भरलेला तक्ता मागविला, डोळे व कान तपासून घेतले, झोपेची चौकशी केली. लक्षणे निदान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. प्रत्येक अवखळ मूल रोगी नव्हे. कोणी उपाशी असते, कोणाला ऐकू कमी येते, कोणाच्या घरी रोज भांडण असते.

त्याआधीची दोन वर्षे आमच्या मुलीने बोलणी खाल्ली. आईने लाडावून ठेवले, आई नोकरी करते, आईला शिस्त लावता येत नाही. बापाला कोणी काही म्हटले नाही. वास्तविक हा विकार बव्हंशी आनुवंशिक आहे, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांनी दाखविले आहे. निदानाच्या रात्री ती आम्हांस म्हणाली, “बाबा, तुमच्या वर्गात असता तर तुम्ही याला बाहेरच उभं केलं असतं ना?” आम्ही होय म्हणालो. दुसरे उत्तर नव्हते.

गोळी द्यावी की नाही यावर घरात महिनाभर वाद चालला. ती सुरू झाली. मेथिलफेनिडेट औषधांच्या एक्स परिशिष्टात येते. ते विकावयास दुकानदाराला निराळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, आणि चिठ्ठीची दुसरी प्रत दोन वर्षे जपावी लागते. नियम योग्यच आहेत, कारण या औषधाचा दुरुपयोग होऊ शकतो. परिणाम मात्र असा की लहान गावी ते ठेवणारे दुकान मिळणे कठीण. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीच आमच्या जावयांची धावपळ सुरू होते. तालुक्याच्या गावच्या मजुराने ती कशी करावी, हे आम्हांस समजत नाही.

शाळेत वर्गशिक्षिकेने मुलीबरोबर बसून एका कागदावर आराखडा केला. पहिला बाक, खिडकीपासून दूर. एका वेळी एकच सूचना. दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन भाग. अर्ध्या तासाने वह्या वाटण्याचे वा फळा पुसण्याचे काम, म्हणजे उठण्याला कारण मिळते. रोजच्या डायरीत एक ओळ, आणि तीत तक्रारीआधी एक चांगली गोष्ट. चाचणीला थोडा अधिक वेळ. या साऱ्याला एक पैसा खर्च आला नाही. काही इतर पालकांनी पक्षपाताची कुरकूर केली. बाईंनी त्यांना विचारले की चष्मा लावणाऱ्याला तुम्ही पक्षपात म्हणता काय.

सर्व सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. दुपारचा डबा कित्येकदा तसाच परत येतो, म्हणून रात्रीचे जेवण आई जपून करते. दर महिन्याला वजन लिहून ठेवते. सायंकाळी गोळीचा अंमल उतरला की घरात पुन्हा वारा शिरतो. डबे हरवतात, भांडणे होतात. पण मागल्या चाचणीत त्याने शेवटचे गणित पुरे केले आणि खाली उत्तराला चौकट काढली. त्या चौकटीकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

अखेरची विनंती

या इतिहासातून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. गेल्या सव्वाशे वर्षांत या मुलाचे नाव वारंवार बदलले, औषध सापडले, कायदेही झाले. पण मुलाच्या वाट्याला सुख तेथेच आले जेथे त्याच्याबरोबर वर्गही थोडा बदलला. औषध चार तास देते. ते चार तास कशाने भरावयाचे हे डॉक्टर ठरवीत नाही. ते शिक्षक व आईबाप ठरवितात.

उन्हाळा सरला की जूनच्या अखेरीस आपल्या वऱ्हाडातील शाळा पुन्हा उघडतील. आपल्यांत जे शिक्षक आहेत त्यांनी पटावरील ज्या एका मुलाचे नाव दिवसातून दहादा ओरडावे लागते, त्याच्या आईला किंवा बापाला बोलावून घ्यावे. शाळा समितीवर जे आहेत त्यांनी तपासणी-पथक येईल त्या दिवशी या मुलाचे नाव पुढे करावे. आणि एखादा बाप शेतातून तसाच येऊन दाराशी उभा राहिला, तर त्याला खुर्ची द्यावी आणि त्याचे बोलणे पुरे ऐकून घ्यावे. आम्ही ते केले नाही.